हजेरीची वही

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची पहिली वही दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं, त्याखाली 'श्री' आणि सात नावं. सातच, कारण १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. त्या सातांतले पाच एकाच लोकलच्या एकाच डब्यातले होते. आमच्या संघाचं मूळ डोंबिवलीत नाही, त्या डब्यात आहे, असं मी नेहमी सांगते.

डोंबिवलीकर नोकरदाराची तीस-पस्तीस वर्षं गाडीच्या वेळेवर जातात. ठरलेली लोकल, ठरलेला दरवाजा, ठरलेली माणसं. दसऱ्याला डब्याला तोरण, आठवड्याला भजन, कुणाच्या नातवाचे पेढे, कुणाच्या बायकोच्या ऑपरेशनची चौकशी, सगळं डब्यात. आपल्या इमारतीतल्या समोरच्या दाराचं आडनाव माहीत नसतं, पण मुलुंडला चढणाऱ्याच्या मुलाला दहावीला किती टक्के पडले ते तोंडपाठ. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्या दिवसापासून ती सगळी माणसं एकदम संपतात. पगार थांबतो त्याची तजवीज माणसानं केलेली असते, पीएफ असतो, ग्रॅच्युइटी असते. माणसं थांबतात त्याची तजवीज कुणीच केलेली नसते.

डोंबिवलीत १९९९ साली गुढीपाडव्याची पहिली स्वागतयात्रा निघाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांत हे पाच जण बागेतल्या एका बाकावर पुन्हा जमायला लागले. महाराष्ट्रात ज्येष्ठांच्या संघांची चळवळ तेव्हा नवी नव्हती. फेस्कॉम हा राज्याचा महासंघ १९८० पासून काम करत होता. १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला, १९९९ मध्ये केंद्राचं ज्येष्ठांविषयीचं राष्ट्रीय धोरण आलं. पण बाकावरच्या माणसांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त संध्याकाळी बोलायला माणूस हवा होता. घटना, धर्मादाय आयुक्त, लेखापरीक्षण हे सगळं मागाहून आलं.

मी आले ती अक्षरामुळे. शाळेत तेहतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई शेजारच्या गल्लीत राहते, तिचं अक्षर चांगलं आहे, इतिवृत्त लिहायला बोलवू या, असं ठरलं. मी गेले तर संघाच्या खोलीत सगळे पुरुष. सभासदांत चार बायका होत्या, पण नावापुरत्या. का येत नाहीत विचारलं तर उत्तर मिळालं, "त्यांना आवड नाही." मी चौघींच्या घरी जाऊन आले. आवड चौघींनाही होती. बैठक संध्याकाळी साडेसहाची होती आणि साडेसहाला घरात देवापाशी दिवा लागतो, कुकर लागतो, नातवंडं क्लासहून येतात. बैठक साडेचारला घेतली आणि वर्षभरात बायकांच्या सह्या पुरुषांच्या बरोबरीला आल्या. पुढे मी कुठल्याही संस्थेत गेले की आधी वेळ विचारायची. संस्थेचं दार कुणासाठी उघडं आहे ते तिच्या वेळापत्रकात लिहिलेलं असतं.

वही तेव्हा वर्गणीची होती. नाव, पावती क्रमांक, रक्कम. २६ जुलै २००५ ला ती किती अपुरी आहे ते कळलं. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कल्याण-डोंबिवलीचे सखल भाग पाण्याखाली गेले. आमचे तळमजल्यावरचे सभासद कोण, एकटं कोण राहतं, हे आम्हांला सांगता येईना. नावं होती, पत्ते नव्हते. पाणी ओसरल्यावर मी नवी वही घातली. पत्ता, मजला, लिफ्ट आहे की नाही, फोन, रक्तगट, आणि मुलामुलीचा किंवा भाच्या-पुतण्याचा नंबर. 'मजला' हा रकाना कशाला म्हणून एकदोघांनी विचारलं. आज त्या वहीतला तोच रकाना सगळ्यांत महत्त्वाचा ठरला आहे, त्याचं पुढे सांगते.

रोजची हजेरी त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाली. आमचे एक सभासद एकटे राहायचे. मुलगी पुण्याला. कॅरमच्या बोर्डावर त्यांची जागा ठरलेली. एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही आले नाहीत. "लेकीकडे गेले असतील," असं कुणीतरी म्हटलं आणि आम्ही सगळे ते धरून चाललो. मीही. त्यांच्या जागी दुसरा भिडू बसला, खेळ झाला. बुधवारी सकाळी दूधवाल्यानं दाराच्या कडीला दोन दिवसांच्या पिशव्या तशाच लटकलेल्या पाहिल्या आणि शेजाऱ्यांना हाक मारली. ते सोमवारी सकाळी न्हाणीघरात पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, दोन दिवस, दोन रात्री ओल्या फरशीवर. हाका मारून आवाज बसला होता. ऑपरेशन झालं, पण माणूस उठला नाही. चार महिन्यांनी गेले. त्यांच्या घरापासून आमची खोली चालत सहा मिनिटांवर.

त्या आठवड्यात मी स्टेशनरीच्या दुकानातून शाळेत लागतो तसा हजेरीपट आणला. "बाई, आम्ही काय शाळेत आहोत का?" अशी कुरकुर झाली. मी काही बोलले नाही, नावं वाचायला लागले. पहिल्या नावाला उत्तर आलं, "हजर, बाई." खोली हसली, आणि दुसऱ्या दिवसापासून रुळलं.

खुणा चार. 'ह' म्हणजे हजर. 'गा' म्हणजे सांगून गावाला गेलेले. 'आ' म्हणजे आजारी, पण खबर आहे. आणि कोरा चौकोन. आमचा सगळा जीव त्या कोऱ्या चौकोनात. लागोपाठ दोन दिवस चौकोन कोरा राहिला आणि फोन लागला नाही, की त्याच संध्याकाळी दोन सभासद त्या घरी जातात. एक नाही, दोन, कारण दार उघडलं नाही तर एकानं थांबायचं आणि दुसऱ्यानं धावायचं. एकट्या राहणाऱ्यांनी घराची एक किल्ली शेजारी द्यायची आणि ती कुणाकडे आहे ते वहीत लिहायचं. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. हा शेवटचा नियम पाळायला बायकांना फार जड गेला. साठ वर्षांची सवय ती.

बेल वाजवायला गेलेल्यांना बहुतेक वेळा काय सापडतं? पडलेलं माणूस क्वचित. बहुतेकदा बसलेलं माणूस सापडतं. मन लागत नाही म्हणून बसलेलं. एकदा एका आजींच्या घरी गेलो तर त्या म्हणाल्या, "मुद्दामच आले नव्हते. कोण येतंय ते बघत होते." आम्ही चहा घेतला आणि त्यांना घेऊनच परत आलो.

संशोधकांनी हे आकड्यांत मांडलं आहे. ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यांत तीन लाखांहून जास्त माणसं होती. ज्यांचे माणसांशी धागे घट्ट होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा पन्नास टक्क्यांनी अधिक दिसली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपण जाचतं. आमच्यातले एक निवृत्त डॉक्टर नेहमी टोकायचे की जो आजारी आहे तो बाहेर पडत नाही, त्यामुळे आधी काय आणि मागून काय हे ठरवणं सोपं नाही. त्यांचं बरोबर आहे. पण वहीत मी दोन्ही पाहिलं आहे. आजारामुळे चौकोन कोरे झाले, आणि चौकोन कोरे राहत गेले म्हणून आजार वाढला. बाहेर जायचं नसलं की माणूस दाढी करत नाही, दुपारचं जेवण उभ्यानं उरकतो, गोळी घेतली की नाही हे विचारणारं कुणी नसतं. जाचक एकटेपण असं बारीकसारीक गोष्टींतून शरीरात शिरतं.

याचं एक उदाहरण मला कायम टोचतं. आमच्या एका नानांच्या नावापुढे रोज 'ह' होता. पण ते खिडकीशी बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत, विनोद झाला की सगळ्यांच्या मागून हसायचे. घरच्यांना वाटलं विसरभोळे होत चाललेत. खरं म्हणजे त्यांना ऐकू येत नव्हतं. कानाचं यंत्र मुलानं घेऊन दिलं होतं, ते कपाटात पडलेलं, कारण गर्दीत त्यातून पंखा, खुर्च्या, भांडी सगळंच मोठ्यानं यायचं. २०२४ च्या लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यांत कमी ऐकू येणं आहे आणि माणसांत न मिसळणंही आहे. नानांच्या बाबतीत एकातून दुसरं निघालेलं आम्ही समोर पाहत होतो. आम्ही खुर्च्यांच्या रांगा मोडून गोल केला. एका वेळी एकानंच बोलायचं, बोलताना तोंड समोर ठेवायचं, नानांची खुर्ची पंख्यापासून लांब. यंत्रवाल्याकडे जाऊन आवाज जुळवून आणला. पंधरा दिवसांनी नानांनी पहिल्यांदा वाद घातला, रमीच्या गुणांवरून. घरी येऊन मी तो वाद इतिवृत्तात लिहून ठेवला.

व्यायाम आमच्याकडे हास्यक्लबातून आला. डॉ. मदन कटारिया यांनी मार्च १९९५ मध्ये मुंबईत पाच माणसांनिशी पहिला हास्यक्लब सुरू केला आणि बघता बघता बागाबागांत हात वर करून हसणारी मंडळी दिसायला लागली. आमच्याकडे हसणं चांगलं चाललं, पण पडणं थांबलं नाही. मग एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आली आणि तिनं साधं काम दिलं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा. भिंतीशी एका पायावर उभं राहायचं. टाचेला पंजा लावून रेघेवरून चालायचं. पासष्टीपुढच्या माणसानं आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सावरण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आहे. घरी एकट्यानं हे कुणी करत नाही. चारचौघांत, मोजायला माणूस असला की करतात.

नोव्हेंबर हा आमच्या खोलीचा गर्दीचा महिना. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत रांग. नोव्हेंबर २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, बोटाचा ठसा दिला की दाखला. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, कंपोझिंग केलेल्या, यंत्रावर उभं राहिलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. ठसा उमटेना. अंगठा, तर्जनी, पुन्हा अंगठा, ओल्या कपड्यानं पुसून पुन्हा. समोर जिवंत बसलेल्या माणसाला यंत्र नाही म्हणतं आणि माणूस कानकोंडा होतो. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतं. आमच्यातल्या दोघी ते शिकल्या आणि नोव्हेंबरभर टेबल मांडून बसतात.

पण ज्यांना निवृत्तिवेतनच नाही त्यांचं काय? हा आमच्या वाटचालीतला उणा भाग आहे आणि तो झाकून ठेवावा असं मला वाटत नाही. आमचा संघ पेन्शनवाल्यांनी काढला आणि बराच काळ पेन्शनवाल्यांचाच राहिला. आमच्याच इमारतींचे सत्तरीचे रखवालदार, पहाटे भाजी आणायला निघणाऱ्या आजी, अजून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी, साडेचारला यांतलं कुणी मोकळं नसतं. त्यांचं वय आमच्याएवढंच. आम्ही त्यांना सभासद करू शकलो नाही. निदान श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून द्यायला लागलो. पासष्ट वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, तर राज्य सरकारकडून महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला आणि वयाचा पुरावा मिळवताना या माणसांची किती रोजंदारी बुडते ते टेबलापलीकडे बसल्याशिवाय कळत नाही. अर्ज भरायला आलेल्या दोघी-तिघी आता रविवारच्या भजनाला येतात. सुरुवात म्हणायची.

विधवांचा प्रश्न आम्ही पुष्कळ आधी सोडवायला हवा होता. संक्रांतीला हळदीकुंकू व्हायचं आणि साठीपुढच्या बायकांच्या मेळाव्यात निम्म्याहून जास्त बायका भिंतीला टेकून बसायच्या. ज्यांच्यासाठी संघ काढला त्याच बाजूला. मी स्वतः दोन वर्षं त्या भिंतीशी बसले आहे. मग एका काकूंनी करंडा उचलला आणि ओळीनं सगळ्यांना लावत आल्या, मलाही. कुणी काही बोललं नाही. पुढच्या वर्षीपासून निमंत्रणावर फक्त 'तिळगूळ समारंभ' आणि सगळ्यांना सारखं वाण. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा आम्ही त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं.

मार्च २०२० मध्ये वही बंद झाली. पासष्टीपुढच्यांनी घराबाहेर पडू नये, असं सरकारच सांगत होतं. आमचा तर सगळा डोलारा बाहेर पडण्यावर. तीन दिवस मी सुन्न होते. चौथ्या दिवशी वही घेऊन बसले आणि पाच-पाच नावांचे गट पाडले. प्रत्येकानं रोज साडेचारलाच आपल्या पाच जणांना फोन करायचा आणि मला 'ह' कळवायचा. काय बोलायचं हा प्रश्न नव्हता. 'आज भाजी काय केली' एवढ्यावर पंधरा मिनिटं जायची. काही जणांच्या घरात मुलगा, सून, नातवंडं सगळी होती, तरी ते फोनची वाट पाहत. त्या दीड वर्षात अकरा नावांवर मला लाल रेघ ओढावी लागली. त्यांतल्या कुणाच्याही अंत्यदर्शनाला आम्ही जाऊ शकलो नाही. १ मार्च २०२१ ला साठीपुढच्यांचं लसीकरण सुरू झालं तेव्हा त्याच पाचाच्या गटांनी नोंदण्या केल्या, रिक्षा ठरवल्या आणि पहिल्यांदा माणसं एकमेकांना प्रत्यक्ष दिसली, केंद्राच्या रांगेत, मास्क लावून.

सहली मात्र पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. रेल्वेच्या तिकिटात साठीपुढच्या पुरुषांना चाळीस आणि अठ्ठावन्नपुढच्या बायकांना पन्नास टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये बंद झाली आणि परत आली नाही. सहल ही चैन आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी सहलीच्या आधीचे पंधरा दिवस पाहावेत. गुडघ्याचं कारण सांगणारी माणसं चालायचा सराव करू लागतात, चष्म्याचे नंबर तपासून येतात, साडी काढतात. आता आम्ही एसटीकडे वळलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. पाली, आळंदी, जवळचं टिटवाळा. वाहकाला आधार कार्ड दाखवताना आमच्या ऐंशीच्या एका आजी वय मोठ्यानं सांगतात, गाडीभर ऐकू जाईल असं.

अतुल गावंदे यांनी 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकात आपल्या आजोबांची हकिगत लिहिली आहे. विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी सीताराम गावंदे जवळजवळ एकशेदहा वर्षं जगले, ते घराच्या आणि शेताच्या मध्यभागी राहून. आमच्या वाचनगटात त्यावर खूप बोलणं झालं. 'तसं घर आता कुठून आणायचं' हा सूर निघाला. मला तो पटत नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरांत ते कधीच नव्हतं, आणि त्या घरासाठी सुनांनी काय सोसलं हेही आमच्यातल्या कित्येकींना ठाऊक आहे. मुलं बंगळुरूला, टोरंटोला आहेत, ती आम्हीच शिकवून पाठवली. मग जे जवळ आहेत त्यांनी एकमेकांचं बघायचं. रक्ताचं नातं नसलेल्या माणसाची बेल वाजवायला सहा मिनिटं लागतात.

आता 'मजला' या रकान्याकडे येते. जुन्या डोंबिवलीतल्या इमारती तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या. पन्नाशीत धावत चढलेला जिना पंच्याहत्तरीत माणसाला वर कोंडून ठेवतो. वहीत दर वर्षी तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचे चौकोन आधी कोरे होत गेलेले स्पष्ट दिसतात. अशा चौदा जणांकडे आम्ही मंगळवार-शुक्रवार वर जातो. पत्ते घेऊन, वर्तमानपत्र घेऊन, कधी चौघं मिळून त्यांच्याच खोलीत छोटी बैठक. दुसरीकडे पुनर्विकास सुरू झाला आहे. नव्या इमारतीला लिफ्ट येईल हे खरं, पण तोवर तीन-चार वर्षं माणसं भाड्यानं कुठेकुठे पांगतात, आणि ऐंशीच्या माणसासाठी तीन-चार वर्षं म्हणजे काय हे कंत्राटाच्या कागदात नसतं. पांगलेल्यांची नावं मी कमी केलेली नाहीत. ते फोनवर 'हजर' म्हणतात.

गेल्या महिन्यात आमची खोली ज्या इमारतीत आहे तीही पाडायला गेली. सामान बांधताना निळी वही वर आली, सातांतलं एक नाव अजून चालू आहे. सध्या आम्ही एका शाळेच्या व्हरांड्यात जमतो, शाळा सुटल्यावर, म्हणून वेळ पाचची झाली आहे. बायकांना विचारून घेतली. व्हरांड्याला चार पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. सुताराला सांगितलं आहे, तो शनिवारी येतो म्हणालाय. तोपर्यंत पावणेपाचपासून दोघांनी पायऱ्यांशी उभं राहायचं ठरलं आहे. आज माझी आणि नानांची पाळी आहे.